पुस्तकात नसलेलं दुखणं

मरोळच्या ऑफिसात आम्ही अरबी बोली ओळखणारं मशीन बनवत होतो. आखातातल्या एका हॉस्पिटलला रोग्याने फोन करायचा, काय होतंय ते सांगायचं आणि मशीनने त्याला योग्य विभागाशी जोडून द्यायचं. मी मढच्या कोळीवाड्यातली, अरबी शिकले ती या नोकरीतच. मशीन तपासून ते पास झाल्याची सही करायचं काम माझं.

रोग्यांचं रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायचं काम ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याकडे होतं, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते लहानपणी मदरशात, वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुऊन, कुराणाची अरबी शिकलेले. येमेनची एक बाई आपल्या गावच्या बोलीत दुखणं सांगत होती. चाचांनी ते शुद्ध अरबीत उतरवलं आणि जे शब्द पुस्तकात नाहीत ते गाळले. कुठे दुखतंय, नेमकं तेच गळलं. मशीन शिकलं या कागदांवर आणि त्याची परीक्षाही अशाच कागदांवर, त्यामुळे ते झकास पास होत होतं. हॉस्पिटलात मात्र ही बाई भलत्याच विभागात गेली असती.

मी मूळ रेकॉर्डिंग कागदाशी ताडून पाहिलं आणि साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, ती लोकं नीट बोलतच नाहीत, त्याला आपण काय करणार?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. शाळेत आईच्या बोलीतला शब्द तोंडातून निघाला की बाई वर्गासमोर मला तो 'नीट' म्हणायला लावायच्या. तेव्हा मी मुकाट म्हणत होते. आता कोण म्हणतंय?

"मशीन पास झालं, यावर मी सही करणार नाही, सर."

"दुसरं कुणी करेल."

"करू दे. माझं नाव नको."

मग चाचांकडे गेले. ते कळवळून म्हणाले, "बेटी, अल्लाह के कलाम की ज़बान में ऐसा कैसे लिखूँ?"

"चाचा, ये कलाम नहीं है ना. औरत का पेट दुख रहा है."

 दुसऱ्या दिवशी ते स्वतःच हेडफोन लावून बसले आणि परीक्षेचे कागद जसं ऐकू येईल तसे पुन्हा लिहिले. मशीन सपशेल नापास झालं.

"बघ, वाट लावलीस," साहेब म्हणाले.

"वाट आधीच लागली होती, सर. आता कागदावर आली."

हॉस्पिटलच्या लोकांसमोर मी तोच निकाल ठेवला. त्या बाईचं बोलणं पूर्ण ऐकवलं आणि मशीनला त्यातलं काय कळलं नाही तेही वाचून दाखवलं. त्यांनी मशीन सुरू करायचं पुढे ढकललं. त्यावरून साहेब अजून मला ऐकवतात. खुशाल ऐकवू देत. पोट दुखणाऱ्या बाईला मी भलत्या दारात उभी करणार नाही.