समोरच्या गॅलरीतला हात

यात दोष सगळा माझ्या बाबांचा. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही मलाच वेड्यात काढाल.

गिरगावची खोली विकून बाबांनी भाईंदरला फ्लॅट घेतला आणि स्वतःला जमीनदार समजायला लागले. केबल तेव्हा आमच्याकडे आली नव्हती. खाडीवरून वारा सुटला की टेरेसवरचे अँटेना माना फिरवायचे आणि टीव्हीवर मुंग्या यायच्या. मेकॅनिक बोलवायचा? छे! घरात कॉलेज सोडून बसलेला मुलगा होता ना!

"शिकला नाहीस, निदान अँटेनाचा पाइप तरी फिरव," असं म्हणून बाबा सोफ्यावर आडवे. पोटावर शेंगदाण्याची वाटी. आयुष्यभर ऑफिसात खुर्ची उबवलेला माणूस, दुसरं काय येणार?

म्हणून दर रविवारी मी टेरेसवर. आणि आता काय सांगू, वर गेलं की खालचं जग संपायचं! राई-मुर्ध्याकडची मिठागरं अशी चमकायची, की कुणीतरी आभाळ धुऊन जमिनीवर वाळत घातलंय. अशा उजेडात माणूस प्रेमात पडणार नाही तर काय करणार?

समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत ती आली. पिवळा ड्रेस, ओले केस. सरळ माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला. जरा डावीकडे.

मी डावीकडे सरकलो. हातातल्या पाइपासकट.

तिने पंजा दाखवला. थांबलो. आणि ती हसली! अहो, 'बस, इथेच बरा आहेस' असं मला तोवर कुणी म्हटलंच नव्हतं.

खालून बाबा ओरडले, "गेलं रे! नालायका, पार गेलं!"

जाऊ दे की! नशीब असं सोफ्यावर बसून दिसत नाही.

पुढच्या रविवारी तिने मला उजवीकडे नेलं. मग कपाळावर हात मारला. माझा शर्ट आवडला नसणार. तिसऱ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिने आधी बोटांची गोल खूण केली, झकास! आणि मग दोन्ही हातांनी बोलावलं. ये, ये, लवकर ये!

पाइप सोडला. जिने कसे उतरलो, रस्ता कसा ओलांडला, काही आठवत नाही. बहुतेक तरंगतच गेलो. बेल वाजवली. तिनेच दार उघडलं.

"कोण हवंय?"

"मीच. म्हणजे, तुम्ही बोलावलंत ना आत्ता?"

"मी? मी सुहासला बोलावलं. चहा झालाय."

मागून जिन्यावर पक्कड घेतलेला एक जण धापा टाकत आला. "चित्र आलं का गं?"

आतून तिचे वडील ओरडले, "आलं होतं, पुन्हा गेलं! आणि हा कोण?"

सुहासने मला नीट बघितलं. "हा समोरचा, काका. टेरेसवर एकटाच नाचत असतो."

त्यांच्या बिल्डिंगवर अजून मजले चढत होते, म्हणून त्यांचे अँटेना आमच्याच टेरेसवर, टाकीच्या पलीकडे. हे मला माहीत होतं! पण मिठागरांकडे बघणाऱ्या माणसाला टाकीमागचा सुहास, तिचा होणारा नवरा, कसा दिसावा?

परत आलो तर खाली गर्दी. मी सोडलेला पाइप टाकीच्या नळावर आडवा पडून नळ तुटला होता आणि सोसायटीचं पाणी जिन्यावरून खळाळत होतं.

"पूरी बिल्डिंग का पानी गया!" सेक्रेटरी शहाकाका किंचाळले. "अब संडास में क्या डालूं, तेरा एंटेना?"

मी बाबांकडे बघितलं. शेंगदाणा चावत ते म्हणाले, "मी कुठे पाठवतो? हा आपणहून जातो वर."

त्याच दिवशी टेरेसला कुलूप लागलं. आमच्या घराच्या सगळ्या खिडक्या मागच्या बाजूला आहेत. ती मला पुन्हा दिसली नाही.