डाव्या तळहातावरची पूजा

त्या दिवसांत मी महादेवाला शिव्या दिल्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो. मला भक्त समजून कुणी पाया पडायला नको. निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं होती. लातूरच्या गंज बाजाराजवळ आमचं कापडाचं दुकान होतं. एके दिवशी गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवता दाखवता माझा डावा हात जो गळाला, तो पुन्हा वर आलाच नाही. अर्धांगाचा झटका होता तो. पाय हळूहळू सावरला, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं, पण हाताचं लाकूड झालं ते झालंच. हकीमसाहेबांनी तेलं दिली, लेप दिले आणि शेवटी नुसती मान हलवली. दुकान धाकट्या भावानं सांभाळायला घेतलं.

दुकानाचं दुःख मी गिळलं असतं. पण आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं, उजव्या हातानं भस्म-बेल वाहायचा आणि नजर स्थिर करून बसायचं. त्याआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. बाप असाच बसला, आजा असाच बसला. आता मी कसा बसू? आपलं लिंग दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, आणि पाटावर ठेवून पूजा करायची म्हटलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उदगीरकडचे एक जंगमस्वामी तेव्हा आमच्या गल्लीत उतरले होते. ते म्हणाले, “अप्पा, दवा झाली, आता योग करा. घरीच करा, पर रोज करा.” दिवस उगवायच्या आधी घोंगडीवर बसायचं, पाठ ताठ ठेवायची, श्वास घेताना खांद्यापासून हात उचलायचा, सोडताना खाली आणायचा, असं त्यांनी मला आठवडाभर शिकवलं आणि ते निघून गेले. मी हट्टाला पेटलो. दातओठ खाऊन श्वास ओढायचो, अंगाला घाम फुटायचा. तीन महिन्यांत हात गुडघ्याच्या वर टीचभर आला. वाटलं, झालं आता! पण पुढं सहा महिने गेले तरी तो तिथून तसूभर हलला नाही. लिंग तळहातावर ठेवलं की हात थरथरायचा आणि लिंग मांडीवर घरंगळायचं. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. सूर्य डोक्यावर यायचा.

माझ्याआधी जेवायचं नाही असा आमच्या घरचीचा, म्हणजे बायकोचा नेम, म्हणून तीही उपाशी. एकदा दारात उभी राहून ती हळूच म्हणाली, “अवो, मी खालून आधार देऊ का?”

“माझ्या पूजेत तू हात घालनार?” मी असा ओरडलो की शेजारची माणसं बाहेर आली. तिनं परत कधी तो विषय काढला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळाला नव्हता माझा.

खोटं कशाला सांगू, पुढं पुढं परसातल्या विहिरीकडं माझी नजर जायला लागली. ज्याच्या हातावर देव राहत नाही त्यानं जगून काय दिवे लावायचे? नागपंचमीच्या आधीचा एक दिवस होता. आज बसायचं, नाही जमलं तर उद्यापासून घोंगडी अंथरायचीच नाही, असं मी ठरवलं. पुढचं काय, ते मनातसुद्धा पुरतं बोललो नव्हतो. लिंग दोनदा घरंगळलं. मी डोळे मिटून बसलो. रागसुद्धा येईना, इतका रिकामा झालो होतो.

तेवढ्यात ओसरीवर बांगड्या भरणारी मनियारीण आली. आमच्या घरची हात पुढं करून बसली असावी. भिंतीआडून म्हातारीचा आवाज ऐकू आला, “माय, हात कशाला अकडून धरलीस? अकडल्या हातात बांगडी फुटती. तू जोर नको लावू, जोर माझ्याकडं हाय. तू नुसता हात दे.”

ती हे दिवसातून पन्नास बायकांना म्हणत असेल. पण त्या सकाळी ते मलाच कुणीतरी सांगितलं, असं मला वाटलं आणि आजही वाटतं. इतके महिने मी महादेवापुढं हात आवळूनच बसलो होतो की! मला हुंदका आवरेना. मनियारीण गेल्यावर मी हाक मारली, “अगं, जरा इकडं ये. खालून धर.”

ती येऊन समोर बसली. आपली ओंजळ तिनं माझ्या मेल्या हाताखाली घातली आणि हात माझ्या डोळ्यांपर्यंत वर नेला. लिंग तिच्या हाताला लागलं नाही. ते माझ्याच तळहातावर होतं. मी खांदा सैल सोडला. कितीतरी दिवसांनी माझी नजर त्याच्यावर ठरली.

माझा हात बरा झाला नाही. योग मात्र मी रोज करतो, श्वास ओढत नाही, येऊ देतो. आणि मग आमच्या घरची समोर येऊन बसते. त्या मनियारणीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. पूजा झाली की त्या म्हातारीसाठी मनातल्या मनात हात जोडतो. जुना अंधार अजून अधूनमधून दाटून येतो. अशाच एका सकाळी मी आमच्या घरचीला विचारलं, “माझा हात लई जड होत असंल न्हाई तुला?”

“होतो की,” ती म्हणाली. “पर तुम्ही धरू देत नव्हता, तवा यापरीस जड होता.”