अर्ध्या भरतीची लाट

महादू गेल्याचं अकोल्याच्या गाडीवानानं मला अमरावतीच्या कापूस बाजारात उभ्या उभ्या सांगितलं. ताप आला आणि बघता बघता गेला. मी महादूवरच चिडलो. “ज्याले एका जागी बसवत नव्हतं, तो खाटेवर कसा मेला?” महिना होत आला, माझं कशात मन लागत नाही.

आम्ही दोघं अकोल्याला कापूस तुडवायचो. टांगलेल्या पोत्यात उतरायचं आणि वरून पडणारा कापूस टाचा मारून दाबायचा. महादूएवढं घट्ट पोतं कोणाचं भरत नसे. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेठनं आम्हाला मालाबरोबर थेट मुंबई बेटावर धाडलं. तिथं एका खडकाळ किनाऱ्यावर, जिथं समुद्र वळून आत शिरतो, एक कोळी होडीच्या सुट्या फळीवर उभा राहून लाटेबरोबर वाळूपर्यंत आला. पूर्णेत पोहायला शिकलेल्या महादूनं लगेच धोतर खोचलं. फळीवर उभा राहिला आणि सवयीनं टाच मारली. फळी बुडाली, गुडघा खडकावर फुटला. पुन्हा चढला, पुन्हा टाच. कोळी हसून म्हणाला, “पाणी तुडवायचं नसतं रे.”

येताना त्यानं ती फळी मागून आणली. शेठनं आणखी दोनदा धाडलं, तेव्हा ती सोबत होतीच. पण उभ्यानं वाळूपर्यंत तो एकदाही पोचला नाही. मग लढाई संपली, भाव कोसळले, शेठनं मुंबईचं नाव टाकलं. महादूला ते खात राहिलं. रोज पहाटे अंगणात फळीवर उभा राहून तो वारा हुंगायचा. “जमिनीवरून वारा सुटला, भरती अर्धी चढली, खडक नुकते बुडाले, का लाट एका अंगानं फुटत येते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात काई राम नाही.”

सखूवैनी, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणायची, “विहिरीले पाणी नाही अन् ह्यायले समुद्र पाह्यजे.”

शेवटचा भेटलो तेव्हाही तो फळीवरच होता. “माहे पाय पाहाय,” म्हणाला, “आता टाच पडत नाही.” खरंच पडत नव्हती. त्या मोसमात त्याची पोती सैल भरतात म्हणून शेठ ओरडत होता, आणि हा खुशीत.

परवा अकोल्याला वैनीला भेटायला गेलो. अंगणात फळी तशीच होती. मी विचारलं, “वैनी, माळ्यावर टाकू का?”

“राहू द्या,” ती म्हणाली. “भाऊजी, खरं सांगा… आता गेले असते तं उभ्यानं आले असते का वाळूपर्यंत?”

“आला असता,” मी म्हणालो.

वैनीनं पदर खोचला आणि फळीवर पाय ठेवला. “टाच नाही मारायची ना?” तिनं विचारलं, आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली.