खाडीकाठचं वजू

त्यांचं नाव मला ठाऊक नाही. कल्याणच्या खाडीवर तरीच्या नावेतून उतरताना माझा पाय घसरला आणि पुढे उतरलेल्या त्या म्हाताऱ्या कोकणी मुसलमानाने चटकन माझा हात धरला. मग ते परत पाण्याशी गेले आणि हात, तोंड, पाय धुऊ लागले.

मला रडूच आलं. मी विधवा. घरी माझी सावलीसुद्धा टाळतात. आता परकेही टाळू लागले, असं वाटलं.

त्यांच्यासोबतचा भिवंडीचा विणकर हसला. "अरे चाचा, नमाजासाठी नावेतच हातपाय धुऊन वजू केलं होतं ना? आमचं तर एवढ्याने तुटत नाही."

"तुझं नाही तुटत, माझं तुटतं. थांब जरा, बरोबरच पढू."

तेवढ्यात त्यांना माझा चेहरा दिसला. तसेच ओले हात घेऊन ते चार पावलं वर आले.

"बाई, तुमचा विटाळ नाही हो. घरी बायकोचा हात लागला तरी मी नमाजाआधी असाच धुतो. आमच्या इमामांनी तसं सांगितलंय, याच्या इमामांनी वेगळं. दोघंही कुराण वाचूनच बोलले. मग मी याला चुकलास कसं म्हणू?"

विणकर थांबला होता. दोघं एकाच पंच्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

घरी जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "तरीत शिवाशीव झाली असेल. आधी आंघोळ करा."

मी केली. का करायची, हे सांगायला त्या घरात माझ्याजवळ कधी कुणी आलं नाही.