जांभळी सावली आणि सुशीलाताईंचं तळं

आमचा लंडनमधल्या ईलिंगचा गुरुवारचा पेंटिंग क्लास बंद होऊन तीन वर्षं झाली, पण किस्से काही सरत नाहीत. देवघर आवरायला घ्यावं आणि कोपऱ्याकोपऱ्यातून जुनं निर्माल्य निघावं, तसे निघत राहतात!

क्लासात मराठी आम्ही दोघीच, मी आणि सत्तरीच्या सुशीलाताई. शिकवायची मार्गारेट. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "झाड काढू नका, झाडावरचं ऊन काढा. इम्प्रेशनिझम म्हणजे तेच."

सुशीलाताई माझ्या कानात, "ईलिंगमध्ये ऊन? मग वर्षात चारच क्लास होणार गं!"

*

माझे मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते. व्रताच्या दिवशी मी काळ्याला हात लावत नाही, म्हणून खिडकीबाहेरच्या झाडाची सावली जांभळी रंगवली. मार्गारेट धावतच आली. "ब्रिलियंट! सावली काळी नसते, हे त्या फ्रेंच चित्रकारांनी जगाला दाखवलं. तुला कोणी शिकवलं?"

"महालक्ष्मीने."

तिने वहीत नाव लिहून घेतलं!

*

पुढे सुशीलाताईंची नजर मंदावू लागली. ती जाणार, थांबवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्यांचे यजमान रोज सकाळी पार्कातल्या तळ्यावर बदकांना दाणे टाकायचे. ते आता नव्हते. "तेवढं तळं रंगवून होऊ दे," त्या म्हणाल्या, "मग जाऊ दे नजर."

मी त्यांच्या डोळ्यांसाठी नवस बोलून साखर सोडली. त्या चिडल्याच. "डोळे माझे, आणि फिका चहा तू पितेस?" म्हणत माझ्या कपात दोन चमचे साखर घातलीसुद्धा! मग तो चहा मी त्यांनाच पाजला.

*

तळ्याकाठी मार्गारेट म्हणाली, "डोळे किलकिले करा. बारकावे जातील, नुसते रंग उरतील." आम्ही सगळ्याजणी तोंडं वेडीवाकडी करून बसलो. सुशीलाताई मात्र मजेत!

"मला नको बाई. माझी सोय देवानेच केलीय."

मी हसले, आणि पदराने डोळे टिपले. त्यानंतर दर गुरुवारी मी रंगांच्या ट्यूबवरची नावं वाचायची, त्या पिवळा, निळा मागून घ्यायच्या आणि पोळीला लोणी लावावं तसा जाडजाड थापायच्या. तळं पुरं झालं तेव्हा हिवाळा लागला होता.

*

वसंतात हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. तोवर सुशीलाताईंना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. मी त्यांना चित्रासमोर उभं केलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि रंगाच्या थरांवरून बोटं हळूहळू फिरवली.

दारातला स्वयंसेवक धावला. "मॅडम, प्लीज! चित्रांना हात लावू नका!"

सुशीलाताईंनी मानही वळवली नाही.

"माझंच आहे रे बाबा. जरा बघू तर दे!"