डाव्या गालावरचा तीळ

चाळीच्या जिन्याखाली जुन्या चपला साठतात ना, तसे आमच्या इंग्लिश क्लासचे किस्से साठलेत. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात!

लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर व्यायामशाळा. संध्याकाळी तिथे प्रधान सर फुकट इंग्लिश शिकवायचे. पद्धत एकदम सिंपल. एकाला समोर उभं करायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर एकेक वाक्य बोलायचं. आधी चेहरा, मग स्वभाव. मी दोनदा नापास, म्हणून शेवटचं वाक्य कायम माझं.

*

एकदा तुकाकाका जोर मारायला आले, सरांनी त्यांनाच उभं केलं. मी म्हटलं, "ही इज अँग्री."

काका म्हणाले, "काय बोलतोय हा?" सरांनी अर्थ सांगितला. फाडकन कानाखाली!

सर म्हणाले, "करेक्ट. बस खाली."

*

तेव्हापासून स्वभावाचा नाद सोडला. कुणीही उभा राहो, मी शेवटी ठोकायचो, "ही हॅज अ ब्लॅक मोल ऑन लेफ्ट चीक." डाव्या गालावर काळा तीळ! नसला तरी! पोरं खिदळायची.

एकदा सरांनाच चिकटवला. सर हसले, रुमालानं गाल पुसला. दुसऱ्या दिवशीही पुसत होते. आठवडाभर पुसत होते.

"सर, गंमत केली हो."

"मग जात का नाही रे?"

मी जवळ जाऊन बघितलं नाही.

*

मग वसंता हरवला. पार्वतीमावशीचा एकुलता एक. गिरणीत बदली कामगार, आणि आमच्या चाळीचा भोंगा! 'मुंबई आमचीच' ओरडला की तिसऱ्या माळ्यावरचं पोर झोपेतून उठायचं. मोर्च्याला गेला, तिथे गोळीबार झाला, तो परत आलाच नाही. घरात फोटो एकही नाही.

सर म्हणाले, "इंग्लिश पेपरात वर्णन देऊ. क्लास लिहील."

टॉल. थिन. कर्ली हेअर. स्वभावाची पाळी बबनची. बडबड्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात, त्या गाढवाला ठाऊक नाही! येत होतं तेच लिहिलं, "ही इज क्वाएट." शेवटी मी. हात आपला सवयीनं चालला. तीळ!

मावशी रडत होती. सरांनी न वाचताच कागद पाकिटात घातला. मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आता कुठल्या तोंडानं सांगणार? असल्या वर्णनावर वसंता सापडणार कसा? मला जेवण जाईना.

*

महिन्याभरानं भर दुपारी एक पोलीस शिपाई वसंताला घेऊन आला. हातात पेपराचं कात्रण. एकेक वाक्य वाचून ताडून बघत होता. उंच. बारीक. कुरळे केस. "आणि हा बघा तीळ!"

डाव्या गालावर. काळा.

मी बबनला कोपरखळी मारली. "अरे, वसंताला तीळ कुठे होता?"

"जन्मापासून आहे की!"

सगळी चाळ तेच म्हणाली. पेढे वाटले. वसंता खाटेवर बसून राहिला. एक शब्द नाही. आठ दिवस झाले, एक शब्द नाही.

नवव्या दिवशी मावशीनं मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि पुढ्यात वही-पेन्सिल ठेवली. वसंता भिंतीला टेकून माझ्या हाताकडे बघत होता.

"झिला," मावशी हळूच म्हणाली, "आणखी एक वाक्य लिही. तो माका 'आये' म्हणान हाक मारी."