रांगोळीतला शत्रुघ्न

जूचंद्रचं जुनं घर पेटलं तेव्हा आग चुलीपासून आढ्यापर्यंत गेली आणि जिजाच्या वारलेल्या नवऱ्याचा, शत्रुघ्नचा, एकुलता एक फोटोही खाऊन बसली. तेव्हापासून मुलगा दीपेश दर दिवाळीला बापसाचा चेहरा रांगोळीत काढायचा आणि जिजा बाजूला बसून चुका काढायची.

"नाक ज्यादा झाला. तुजा बापूस काय पोपट व्हता?"

चेहरा कधी पुरता जमला नाही. यंदा टॉवरमधल्या नव्या घरात, हॉलच्या लादीवर, तो जमला. डाव्या गालातलं अर्धवट हसूसुद्धा आलं. जिजा बघतच राहिली आणि तिकडे स्वयंपाकघरात शेगडीजवळचं फडकं पेटलं. फडक्यावरून आग खिडकीच्या पडद्याला लागली, तोच छतातला फवारा फुटून पाणी कोसळलं.

"गेला गं बाय, यो पन गेला!" जिजा किंचाळली. तिला वाटलं, आता घरभर पाऊस पडणार.

"आये, सगल्या घरान नाय येत पानी," दीपेश म्हणाला. "जिथं आग, तिथलाच फवारा फुटतो."

पडदा अर्धाच जळून विझला. आग ओट्यापुढे सरकली नाही. पाणी मात्र लादीवरून हॉलकडे निघालं. जिजाने गोधडी ओढली आणि शेताला बांध घालावा तशी दारात दाबून बसवली. पाणी अडलं. दीपेश फवारा बंद करायला खाली धावला.

गोधडीच्या ओल्या बाजूला जिजा एकटी उभी राहिली. पलीकडे शत्रुघ्न तसाच हसत होता.

"रवा तितंच," ती म्हणाली. "पाय पुसून येतंय मी."